मागच्या चाकाचे नऊ दात

जुलैत आलेलं पत्र वेंडेल स्ट्राउडने शब्दकोशात घालून ठेवलं होतं. शब्दकोश तो रोज उघडत असे, म्हणजे पत्र रोज दिसत असे, आणि रोज तो पान उलटून पुढे जात असे. पत्र पाठ झालं होतं.

“मिस्टर स्ट्राउड, या वर्षी गास्पारची गाडी मला टेकडीवर न्यायची आहे. त्याच्या मागच्या चकतीला नऊ दात आहेत आणि माझा उजवा गुडघा धड नाही. दहा दातांची चकती बसवली तर तुमच्या नियमात चालेल का? चालत नसेल तर तसं कळवा, मी नऊवरच जाईन. पण कळवा. – फिलोमेना बेटनकोर्ट.”

हो किंवा नाही, एवढंच लिहायचं होतं. वेंडेलला तेवढंच जमलं नाही.

नियम त्याचाच होता. निदान वाक्य त्याचं होतं. पॉइंट अल्मेरा गावच्या सायकल मंडळात सगळे एकाच गिअरच्या जुन्या, जाड टायरच्या गाड्यांचे वेडे. मंडळातला पहिला माणूस गेला तेव्हा त्याची गाडी साफ करायला कोणाचा हात धजेना. वेंडेल मंडळाचं चार पानी पत्रक काढायचा. त्याने त्यात लिहिलं : “गेलेल्या माणसाची गाडी त्याने सोडली तशीच टेकडीवर जावी. तिला पाना लागू नये.” लिहिताना ते वाक्य त्याला चांगलं वाटलं होतं. एवढ्याशा वाक्याला लोक इतकं धरून बसतील हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. जिवंतपणीही आपली गाडी बदलायची नाही, असंच मंडळात मानलं जाऊ लागलं. तेव्हापासून दर सप्टेंबरात, उन्हाळ्याचे पाहुणे गावातून गेले की शेवटच्या रविवारी, त्या वर्षी गेलेल्याची गाडी त्याच्या घरचं कोणीतरी बंदराच्या धक्क्यापासून दीपगृहाच्या टेकडीवर चालवत नेई. वर घंटा वाजे. घंटेपासून परत धक्क्यावर येईपर्यंत कोणी बोलायचं नाही, आणि उतारावर त्या गाडीच्या पुढे कोणी जायचं नाही.

पत्राला उत्तर लिहायला वेंडेल बसला नव्हता असं नाही. बसला की लेखणी भलतीकडे धावायची. “फिलोमेनाबाई,” असं लिहून तो सुरू करी, आणि पुढच्याच ओळीत दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या गाड्यांवर पोचे. त्या काळी चेनचा एक दुवा आखूड, एक लांब असायचा. पुढच्या चकतीला सव्वीस दात, मागे नऊ नाहीतर दहा, आणि दातांमध्ये बोट जाईल एवढी फट. गाड्या पेपर टाकणाऱ्या पोरांसाठी केलेल्या, पोरं सपाट गावांतली, आणि मोटारसायकल मिळत नाही म्हणून सायकललाच खोटी पेट्रोलची टाकी लावून फिरणारी. त्यांना वेग हवा होता. चढ कोणाला माहीत होता? युद्धानंतर चेन बारीक दुव्यांची झाली. मग पुढे बावन्न तर मागे वीस, पुढे शेहेचाळीस तर मागे अठरा. आणि आता किनाऱ्यावर भाड्याने मिळणाऱ्या रंगीत गाड्यांना पुढे चव्वेचाळीस, मागे अठरा, कुठेकुठे त्याहून मोठी चकती. कोणीही आइस्क्रीम खात चालवावी. मागे दात वाढले की पायडल हलकं पडतं; दर पिढीला ते जरा हलकं होत गेलं होतं. हे चांगलं झालं की वाईट, हे वेंडेलला ठरवता येत नसे, आणि ते ठरल्याशिवाय एका दाताची परवानगी कशी द्यायची? हो म्हटलं तर मेलेल्या माणसाच्या गाडीवर हात टाकल्यासारखं. नाही म्हटलं तर दुखऱ्या गुडघ्याच्या बाईला टेकडीच्या तोंडी दिल्यासारखं. कागद भरायचे, टोपलीत जायचे. ऑगस्ट गेला. सप्टेंबरचा शेवटचा रविवार उजाडला.

धुकं अजून पाण्यावर होतं. धक्क्याच्या तोंडाशी वीस-बावीस गाड्या आडव्यातिडव्या उभ्या होत्या. सेंट अँथनी चर्चच्या सभागृहातल्या बायकांनी गोड पाव आणि लिंगीसा सॉसेज आणले होते, आणि लायल केचम नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी खायला उभा होता. लायल पूर्वी लाटांवर स्वार व्हायच्या फळ्या बनवायचा. आवाज अजून लाटांच्या वर जाईल असा.

“आला रे आला, आमचा पोप आला!” लायल ओरडला. “वेंडेल, यंदा तरी तो नऊ दाती राक्षस घरी ठेवायचास. गुडघे गेले तर तुला टेकडीवर पुरू, जागा छान आहे.”

“गाडी मिळाली तशीच आहे,” वेंडेल पुटपुटला. त्याचीही गाडी युद्धाच्या आधीची होती, मागे नऊच दात. त्याने ती कधी बदलली नव्हती.

“म्हणून तर तू दरवर्षी शेवटचा येतोस. आम्ही वर पोचून कॉफी पितो, दीपगृहामागच्या थडग्यांवरची नावं वाचतो, मग तुझी टोपी दिसते.”

अशा बोलण्याची उत्तरं वेंडेलला संध्याकाळी सुचत.

फिलोमेना कठड्याशी उभी होती. काळा स्वेटर, पुरुषी पॅन्ट, तिचे पाय घोट्यांशी क्लिपांनी आवळलेले. शेजारी गास्पारची हिरवी गाडी. तिचा नवरा गास्पार मार्चमध्ये गेला होता. जन्मभर मासेमारीच्या बोटीवर, आणि जमिनीवर असेल तेव्हा या गाडीवर. फिलोमेनाने वेंडेलकडे पाहिलं, आणि त्याला बुटांच्या नाड्या तपासाव्याशा वाटल्या.

“माझं पत्र मिळालं नाही वाटतं तुम्हाला,” ती म्हणाली.

“मिळालं.”

“अच्छा.” ती थांबली. “मला वाटलं पोस्टाने गिळलं. पोस्टावर उगाच चिडले मग दोन महिने.”

“मी… लिहीत होतो.”

“पुस्तक?”

लायल हसला. फिलोमेना हसली नाही. तिने गाडीच्या सीटवर हात ठेवला. “तेल घातलंय. टायरमध्ये हवा भरलीय. पाना लावलेला नाही, तुमचा नियम आहे ना. मार्चमध्ये शेवटचं पंक्चर त्यानेच काढलं. बसायची ताकद नव्हती, तरी मला हात लावू दिला नाही. ते नट त्याच्या हाताने आवळलेले आहेत, ते तसेच वर जातील.”

वेंडेलने मागच्या चाकाच्या नटांकडे पाहिलं. मार्चमध्ये तो गास्पारला भेटायला गेला होता. गास्पारला पाण्याचा पेला धरवत नव्हता. त्या हातांनी मागच्या चाकाचे नट किती आवळले गेले असतील? त्याला म्हणायचं होतं, बाई, एकदा पाना फिरवून बघू. पण पाना फिरवायचा नाही असं ज्याने लिहिलं त्यानेच कसं म्हणायचं, आणि तेही दोन महिने गप्प बसल्यावर? तो म्हणाला, “गाडी छान दिसतेय.”

“गाडी चालली पाहिजे. दिसायला मी आहे,” फिलोमेना म्हणाली, आणि सीटवर चढली.

पहिला मैल सपाट होता. नऊ दातांची गाडी सपाटीवर राणीसारखी चालते, एका पायडलला लांबच लांब जाते. मग दगडी पुलानंतर टेकडी सुरू झाली. वेंडेल सगळ्यांच्या मागे होता. समोर म्हाताऱ्यांचे पाय भराभर फिरत होते. गेली काही वर्षं त्याला हे जाणवत होतं. माणसं सत्तरीकडे चालली तरी पाय जोमाने मारतात. आपणच कमी पडतो.

फिलोमेनाचे पाय मात्र त्याच्यासारखेच फिरत होते, हळू, एकेक पायरी चढल्यासारखे. वळणावर ती सीटवरून उठली. सगळं अंग पायडलवर टाकून तिने उजवा पाय खाली रेटला, मग डावा, मग दुखरा उजवा पुन्हा. हँडल इकडून तिकडे झुलत होतं.

“उतर गं, ढकल!” लायल पुढून ओरडला. “गास्पारसुद्धा इथे उतरायचा!”

“खोटारड्या!” तिने धापा टाकत म्हटलं. “तो कधी उतरला नाही!”

वेंडेल तेव्हा तिच्या मागे दोन गाड्यांच्या अंतरावर होता. कट्, असा आवाज त्याने ऐकला. बोटं मोडल्यासारखा, कोरडा. फिलोमेनाची गाडी किंचित अडखळली आणि पुढे गेली. त्याने मागच्या चाकाकडे पाहिलं. चाक मडगार्डच्या मधोमध नव्हतं. एका बाजूला कललं होतं, केसभर.

असा आवाज त्याने पूर्वी ऐकला होता, आणि त्याबद्दल लिहिलंही होतं. जड गाडीवर उभं राहून जोर केला की चेन मागच्या चाकाला पुढे ओढते. नट घट्ट असतील तर चाक जागेवर राहतं. नसतील तर आस खाचेत पुढे सरकतो, आणि चाक पुढे आलं की चेन सैल पडते. चढावर सैल चेनचं काही बिघडत नाही, कारण पाय तिला ताणून धरतो. उतारावर पाय थांबतो. आणि या गाड्यांना ब्रेक एकच, पायडल उलटं दाबायचं. तो ब्रेक चेनमधून मागे पोचतो. चेन उतरली की ब्रेकही गेला.

तिला हाक मारावी म्हणून त्याने तोंड उघडलं, पण चढाने त्याच्यात श्वास ठेवला नव्हता. फुंकर निघाली, आवाज नाही. तिने अंतर वाढवलं. वेंडेलने दात आवळून पाय रेटले. त्याच्या गुडघ्यात कोणीतरी वाळू घासत होतं. वर सांगू, त्याने मनाशी म्हटलं. वर सगळे थांबतात. वर घंटा वाजायच्या आत सांगू.

तो शेवटच्या वळणावर होता तेव्हा घंटा वाजली.

दीपगृहाच्या अंगणात सगळे डोक्यावरच्या टोप्या काढून उभे होते. फिलोमेना उताराच्या तोंडाशी गाडीवर बसली होती, एक पाय जमिनीवर. वेंडेल धापा टाकत आत आला आणि त्याची नजर सरळ चेनवर गेली. चेन खालच्या बाजूने पोटासारखी लोंबत होती. वाऱ्याने हलत होती.

त्याने हात वर केला. बोलायचं नव्हतं, म्हणून हात. लायलने ते पाहिलं, त्याला वाटलं सलामी आहे, आणि त्यानेही गंभीर तोंडाने हात वर केला. मग आणखी दोघांनी केला. फिलोमेनाने वळून त्या सगळ्या उंचावलेल्या हातांकडे पाहिलं, तिचे डोळे भरून आले, तिने मान लववली आणि जमिनीवरचा पाय उचलला.

गाडी उताराला लागली.

रस्ता वेंडेलला डोळे मिटून माहीत होता. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला गुडघाभर कठडा आणि त्याखाली खडक. अर्ध्यावर, गोठ्याच्या हद्दीत, गुरं बाहेर जाऊ नयेत म्हणून रस्त्यात लोखंडी दांड्यांची जाळी पुरलेली होती. तिच्यावरून जाताना गाडी हाडं खिळखिळी होईल अशी थडथडायची. आणि जाळीनंतर लगेच, समुद्राच्या तोंडावर, काटकोनातलं वळण. सैल चेन त्या जाळीवर टिकणार नव्हती. वळणावर तिला ब्रेक लागणारच होता.

मंडळी उभीच होती. फिलोमेनाला पुढे जाऊ द्यायचं, मग निघायचं, अशी रीत. वेंडेल थांबला नाही. तो त्यांच्यामधून निघाला, कोणाच्या तरी पायावरून चाक गेलं, आणि उताराला लागला.

लायलने नियम मोडून त्याच्या नावाने शिवी हासडली. मग त्यालाही काहीतरी दिसलं असावं, कारण तो मागे निघाला. पण लायलचे पाय उतारावर नुसते हवेत गरगरले; गाडी आपली उतारापेक्षा जोरात जाईना. वेंडेलच्या पायाखाली मात्र नऊ दात होते. जिने चढावर त्याचा जीव काढला होता त्या चकतीने इथे प्रत्येक रेट्याला गाडी पुढे फेकली. म्हातारपणात तो असा कधी धावला नव्हता. तरुणपणीसुद्धा नाही, तरुणपणी तो वाचत असे. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि चष्म्याच्या काठाशी वारा शिट्टी घालत होता. काळा स्वेटर जवळ येत होता. जाळीही येत होती.

तो तिच्या समुद्राकडच्या बाजूला आला. कठडा त्याच्या उजव्या पायाशी पळत होता.

“फिलोमेना!”

तिने पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर चीड होती. ती बोलली नाही, डोळ्यांनीच म्हणाली, आजच्या दिवशी पुढे जाता?

“चेन! चेन सैल आहे! जाळीच्या अलीकडे थांब! हळू दाब, हळू!”

ती चेनकडे बघायला वाकली. मग तिला समजलं, आणि समजताच माणूस करतो तेच तिने केलं : पाय जोरात उलटा दाबला. चेन एकदा ताणली गेली, खटकन उसळली आणि चेनकव्हरवर आपटत राहिली. तिचे पाय पायडलसकट मागे गरगर फिरले, रिकामे.

“नाही लागत!” ती किंचाळली. “वेंडेल, नाही लागत!”

जाळीचे दांडे आता वेगवेगळे दिसत होते. वेंडेलने विचार केला असं म्हणता येणार नाही. विचार करायला त्याला आठवडे लागत. त्याने आपला खांदा तिच्या खांद्याला लावला आणि तिला डोंगराकडे रेटलं.

“तिकडे! वेलात घाल! वेलात!”

डोंगराच्या पायथ्याला जाड, रसाळ पानांची समुद्रवेल गाद्यांसारखी पसरलेली होती. फिलोमेनाने हँडल वळवलं. पुढचं चाक पानांत घुसलं, फचफच आवाज झाला, आणि ती गाडीवरून सुटून हिरव्या ढिगात कोसळली. वेंडेलने पाय उलटा दाबला. त्याचा ब्रेक किंचाळला, मागच्या चाकातून जळक्या ग्रीसचा वास आला, आणि गाडी जाळीच्या पहिल्या दांड्यावर चाक टेकवून थांबली.

तो धडपडत मागे धावला. ती उताणी पडली होती. आकाशाकडे बघत होती.

“लागलं? कुठे लागलं?”

“मनगट.” तिने दुसरा हात पुढे केला. “उठवा. नाही, थांबा. आधी गाडी बघा.”

“गाडी ठीक आहे.”

“तुम्ही बघितली तरी का?”

त्याने बघितली. तोपर्यंत लायल आणि बाकीचे पोचले होते. लायलने गाडी फेकली आणि फिलोमेनाजवळ गुडघे टेकले. त्याचा मोठा आवाज कुठे गेला होता कोणास ठाऊक.

“फिलो, अगं बोल काहीतरी.”

“तू शपथेवर सांग,” ती म्हणाली, “गास्पार टेकडीवर उतरायचा?”

लायलने इकडे तिकडे पाहिलं. “उतरायचा नाही. पण…” त्याने डोकं खाजवलं. “पण तो मागची चकती बदलायचा. टेकडीच्या आठवड्यात दहाची लावायचा, नंतर परत नऊची. आम्ही सगळेच बदलतो. माझ्या मागे आता बावीस आहेत, वेंडेल. पहिल्यांदा अठरा होते. मग वीस केले. मग बावीस.”

“सगळे?” वेंडेलने विचारलं.

एकाने आपल्या मागच्या चाकापुढे पाय सरकवला, जणू ते झाकता येणार होतं.

“तुला कोण सांगणार?” लायल म्हणाला. “तू इतकं सुंदर लिहिलं होतंस. तुझं मन मोडायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं होतं.”

वेंडेल रस्त्यावर बसला. ते भराभर फिरणारे पाय. म्हातारे दमदार झाले नव्हते, त्यांनी दात वाढवले होते. आणि कोणीही जाऊन मोजले असते तर कळलं असतं. पण दुसऱ्याच्या मागच्या चाकात डोकावणं त्याला आगाऊपणाचं वाटे. त्याने फक्त कॅटलॉगमधले दात मोजले होते.

“मग मलाच तेवढं कोणी का सांगितलं नाही?” फिलोमेनाचा आवाज चढला. “मी म्हातारी बाई, नियम विचारते सरळ पत्राने, आणि हे सगळे पुरुष आपापल्या अंगणात गुपचूप…!” ती वेंडेलकडे वळली. “आणि तुम्ही! हो म्हणायचं होतं नाहीतर नाही. मी तुम्हाला धर्मग्रंथ मागितला नव्हता.”

“हो,” वेंडेल म्हणाला.

“काय हो?”

“पाना द्या कोणीतरी.”

मग प्रत्येकाच्या खिशातून, सीटच्या पिशवीतून, एकेक पाना निघाला. वेंडेलने जवळचा घेतला. गास्पारच्या गाडीचे नट बोटांनीच फिरत होते, इतके ते ढिले होते. त्याने ते हातात धरून क्षणभर पाहिलं. मग चाक मागे ओढलं, सरळ केलं, चेन चढवली आणि नट आवळले. दोन्ही बाजूंनी. पुन्हा एकदा.

फिलोमेनाने मनगट रुमालात बांधून घेतलं. गाडीवर ती बसली नाही. जाळीवरून तिने गाडी हाताने नेली, एका हाताने हँडल धरून, आणि बाकीचे सगळे उतरून तिच्याबरोबर चालले. धक्क्यापर्यंत कोणी बोललं नाही. नियमाने की कशाने, ते वेंडेलला सांगता आलं नसतं. वीसेक गाड्यांच्या टायरांचा खरखर आवाज तेवढा रस्ताभर होता.

धक्क्यावर लायलने तिला गोड पावाचा तुकडा दिला. ती वेंडेलसमोर येऊन उभी राहिली.

“पुढच्या वर्षी मी ती चालवत खाली आणणार आहे. पूर्ण,” ती म्हणाली. “पत्राचं उत्तर मात्र अजून आलेलं नाही मला.”

सोमवारी सकाळी वेंडेलने शब्दकोशातून पत्र काढलं आणि टेबलावर समोर ठेवलं. फळीवरच्या खोक्यातून, कॅटलॉगांच्या मागून, दहा दातांची चकती शोधली. ती त्याने कधीतरी स्वतःसाठी घेतली होती आणि बसवण्याचा धीर झाला नव्हता. रॉकेलने पुसली. मग कागद घेतला. महायुद्धाच्या आधीच्या गाड्या मनात आल्या. त्याने त्यांना जाऊ दिलं.

“फिलोमेनाबाई, हो. बसवा. चकती सोबत पाठवतो आहे. मनगट बरं होईपर्यंत थांबायचं नसेल तर बसवायला मी येतो. – वेंडेल.”

पोस्टातल्या बाईने पाकीट तराजूवर ठेवलं, पत्ता वाचला, आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

“सीब्राइट गल्ली? अहो, ही इथेच, दोन वळणं पुढे. हातानेच द्या की. तिकिटाचे पैसे वाचतील.”

“नको,” वेंडेल म्हणाला. “तिने पत्राने विचारलं होतं.”

बाईने खांदे उडवले, तिकिटं चिकटवली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं. आतली चकती पिशवीच्या तळाशी खणकन वाजली.